गिऱ्हाईक जिवंत आहे

३ मार्च

ठमे,

गिऱ्हाईक जिवंत आहे.

एवढं लिहून मी पेन खाली ठेवलं, चहा केला, तो गार होऊ दिला, आणि आता पुन्हा बसले आहे. पाच वर्षांपूर्वी तू लिहिलं होतंस, मला खोली मिळाली आहे, इथे कुत्रा चालतो, त्याला पाठवून दे. मी उलट टपाली कळवलं की तो गेला. पोटात काहीतरी झालं, दोन दिवसांत आटोपला, मागच्या अंगणात पुरला. सगळं खोटं. मी ते लिहीत होते तेव्हा तो माझ्या पावलावर हनुवटी टेकून झोपला होता. 'पुरला' लिहिताना त्याला सणसणीत शिंक आली. मी तरी लिहिलंच.

का, ते विचारशील. तू निघून गेलीस ती गेलीस, आणि आता घरात उरलेला एक जीवही पार्सलने मागतेस, याचा राग आला. राग उतरेपर्यंत पत्र गेलं होतं. मग लाज वाटायला लागली. वर्षभरानंतर लाजेचीही सवय झाली, आणि सवय झालेली गोष्ट मोडायला माझ्यासारखीला वेळ लागतो.

तो आता चौदा वर्षांचा आहे. तुझे बाबा गेले त्या वर्षी आपल्या चष्म्याच्या दुकानाच्या दारातून सरळ आत येऊन तपासणीच्या खुर्चीवर बसला होता, आणि तू दहा वर्षांची, म्हणालीस, "आई, गिऱ्हाईक आलंय." त्या दिवसापासून त्याला दुसरं नाव पडलंच नाही. आता त्याच्या दोन्ही डोळ्यांवर निळसर साय आली आहे. माणूस असता तर मी त्याला ऑपरेशनला पाठवलं असतं. मागचे पाय सकाळी उठायला कुरकुरतात. जनावरांचा डॉक्टर म्हणाला, "हे वर्ष काढेल. पुढचं मी बोलत नाही." मी दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिले आणि तिथेच ठरवलं, की तो जिचा आहे तिला नेऊन द्यायचा.

दुकान बंद केलं आहे. डोळे तपासायची जुनी फिरती गाडी आठवते ना, गावोगाव शिबिरांना जायची ती? ती मोडीत निघाली होती. मी घेतली. पेशंटच्या बाकाच्या जागी पलंग, काचांच्या कपाटात तांदूळ आणि कांदे, आणि मागे त्याची गोधडी. झाली कॅराव्हॅन. ताशी चाळीसच्या वर गेली की तिचे दात वाजतात. किनाऱ्याच्या रस्त्याने येते आहे. तीन आठवडे लागतील. सरळ रस्त्याने चार दिवसांत पोचले असते, पण चार दिवसांत मला धीर गोळा होणार नाही.

तुझा आताचा पत्ता शेजारच्या काकूंनी दिला. त्यांच्याकडे तो कसा, हे मी विचारलं नाही. फोन नंबरही दिला होता, पण फोनवर माझी जीभ कशी सुटते ते तुला माहीत आहे. कागदावर निदान खोडता येतं.

वीस तारखेला मी मोठ्या दीपगृहाखालच्या गाड्यांच्या तळावर असेन. लिहावंसं वाटलं तर तिथल्या कचेरीत लिही. नाही लिहिलंस तरी पंचवीसला तुझ्या बंदरात पोचते. दार उघडायचं की नाही ते तू ठरव.

दुसरीही एक गोष्ट आहे. तुझ्या डाव्या डोळ्याची, आणि त्या दिवशी मी जे बोलले त्याची. ती लिहायचीच आहे. पण आज कुत्र्याचंच पुरे.

आई
(अजून म्हणत असलीस तर)


६ मार्च

ठमे,

समुद्र पाहिला.

यापुढे काय लिहू? चौसष्ट वर्षांत बघितला नव्हता. आपल्या गावापासून दोन दिवसांची वाट, आणि तू दर सुट्टीत हट्ट धरायचीस. माझं उत्तर ठरलेलं असायचं, की दुकान चार दिवस बंद ठेवलं की माणसं पाचव्या दिवशी दुसऱ्या दुकानात दिसतात. केवढी शहाणी होते मी.

आधी कळलं ते त्याला. पलंगावर घोरत पडलेला, तो एकदम उठला, खिडकीच्या फटीत नाक खुपसलं आणि कुईकुई करायला लागला. मी म्हटलं, "थांब की मेल्या, आत्ताच तर उतरला होतास." पंधरा मिनिटं त्याचं चालूच. मग एक वळण आलं, उजवीकडचा डोंगर संपला, आणि रस्त्याच्या कडेपासून पुढे काही नव्हतंच. म्हणजे तेच होतं सगळं. मी रस्त्याच्या मधोमध ब्रेक दाबला.

मागचा ट्रक करकचून थांबला. ड्रायव्हर उतरून तावातावाने आला, खिडकीत माझं तोंड बघितलं आणि त्याचा आवाज खाली आला. "पहिल्यांदा का, मावशी?"

"हो."

"मग बघा निवांत. मी मागे उभा आहे, कोणी येऊन धडकणार नाही." आणि खरंच कमरेवर हात ठेवून तोही बघत राहिला. "रोज जातो मी इथून," म्हणाला, "तरी या वळणाला पाय आपोआप ब्रेकवर जातो."

तुला माहीत आहे, आमच्या धंद्यात सहा मीटर म्हणजे अनंत. सहा मीटरच्या पलीकडून येणारा उजेड सरळ धरायचा, डोळ्याला तिथून पुढे वेगळं काही करावं लागत नाही. आपलं दुकान तेवढंही लांब नव्हतं, म्हणून तीन मीटरवर आरसा लावून मी अनंत बसवलं होतं. चाळीस वर्षं त्या खोलीत लोकांना विचारत आले, "आता स्पष्ट? की आधीचं स्पष्ट?" आणि मला स्वतःला वाटत होतं की लांबचं बघणं म्हणजे काय ते मला कळतं.

पाण्याची आणि आकाशाची जिथे रेघ होती तिथे माझी नजर पोचली आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं. रडत नव्हते. डोळे एवढे सैल कधी सोडलेच नव्हते, त्यांना पेललं नाही. मग थोडी रडलेही.

गिऱ्हाईकाला मी दोन्ही हातांनी उचलून खिडकीशी धरलं. त्याला दिसत नाही हे मला माहीत आहे. पण त्याचं अख्खं अंग थरथरत होतं, नाकपुड्या चालू होत्या, आणि मला वाटतं माझ्यापेक्षा त्याला जास्त मिळत होतं.

आई


१० मार्च

ठमे,

आज तुला हसायला देते. तुझ्या आईने कॅराव्हॅन समुद्रात उभी केली.

झालं असं, की दुपारी एका गावाच्या खाली उतरले तर समोर हे एवढं सपाट, घट्ट वाळूचं मैदान. एक गाडी नाही, एक माणूस नाही. मी मनात म्हटलं, एवढी चांगली जागा सोडून लोक वर धुळीत गाड्या लावतात, काय म्हणावं यांना. छानपैकी मधोमध लावली, तोंड समुद्राकडे. समुद्र तेव्हा लांब कुठेतरी चकाकत होता. जेवले आणि आडवी झाले.

गिऱ्हाईकाच्या भुंकण्याने जाग आली. तो हल्ली भुंकत नाही, म्हणून मी दचकलेच. दार उघडलं तर पायरी पाण्यात! चारी बाजूंनी पाणी, शांतपणे, कसलाही आवाज न करता आलेलं. मी जी ओरडले ती वरच्या गावात ऐकू गेली. एक ट्रॅक्टरवाला दोर घेऊन धावत आला आणि गुडघाभर पाण्यात उभा राहून गाडीला दोर बांधता बांधता म्हणाला, "बाई, हे मैदान नाही. हा समुद्र आहे. तो जरा जेवायला गेला होता."

गाडी निघाली. आता ब्रेक मारला की चाकांतून मीठ वाजतं. वरच्या चहावालीने माझं यथेच्छ गिऱ्हाईक केलं, आणि खऱ्या गिऱ्हाईकाला उकडलेलं अंडं खिलवलं, कारण शहाणा दोघांत तोच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रॅक्टरवाला आणि त्याची बायको मला मुद्दाम बोलवायला आले. "ओहोटी बघा आता." ठमे, पाणी गेलेलं होतं. दोन-दोन मैल. होड्या कुशीवर पडलेल्या, दोर सैल, आणि जिथे काल माझ्या डोक्यावरून पाणी गेलं असतं तिथे आम्ही चालत होतो. वाळूवर लाटांच्या बारीक वळ्या तशाच उमटलेल्या. भोकाभोकांतून खेकडे बाहेर येऊन आमच्याकडे बघत होते. मी वाकून वाळूला हात लावला आणि माझे केस उभे राहिले. दिवसातून दोन वेळा एवढं सगळं जातं आणि येतं, कोणी न सांगता, मी दुकानाचं शटर वर करत होते आणि खाली ओढत होते त्या सगळ्या वर्षांत रोज.

"हे रोज होतं?" मी विचारलं.

"रोज," ट्रॅक्टरवाल्याची बायको म्हणाली. "पण आम्ही अजून बघायला येतो की."

गिऱ्हाईक पाण्याच्या एका डबक्यात उताणा लोळला. मागचे पाय वर करून, पिल्लासारखा. मी त्याला थांबवलं नाही. त्याचा वास आता अवर्णनीय आहे, तो तुझ्या खोलीत येणार आहे, तयारीत राहा.

तू बोलवत होतीस तेव्हा यायला हवं होतं. तू सहा-सात वर्षांची असताना. हे विनोदात घालून पुढे जायचा बेत होता, पण जमत नाही.

आई


१४ मार्च

ठमे,

तू नक्की काय काम करतेस हे मला आज कळलं. काकूंनी 'बंदरातल्या कारखान्यात, बोयांच्या' एवढंच सांगितलं होतं. मला वाटलं, दोऱ्या वगैरे वळत असशील.

इथे एक म्हातारा मच्छीमार आहे. सकाळी धक्क्यावर जाळं दुरुस्त करत बसतो. त्याच्याकडे एक जुनी दुर्बीण आहे, तिच्या एका नळीत बुरशी धरली होती. मला राहवलं नाही. गाडीतून हत्यारं आणली, काच काढून पुसली, नीट बसवून दिली. त्याने डोळ्याला लावली, मग माझ्या हातात देऊन म्हणाला, "तुम्हीच बघा. तो लाल ठिपका दिसतो?"

दिसला. लांब पाण्यात, एकटा, डुलत होता.

"तो बोया, बोटींसाठी तरंगती खूण. त्याच्या अलीकडे खडक आहे, पाण्याखाली, बोटभर खाली. मागच्या वादळात माझी बोट त्याच्यावरच जात होती. तो लाल रंग दिसला म्हणून सुकाणू फिरवलं. आम्ही पाच जण होतो."

"तो तिथे ठेवतं कोण?"

"वरच्या बंदरात कारखाना आहे. दर दोन वर्षांनी उचलून नेतात. खाली शिंपल्यांचा हा एवढा थर चढलेला असतो, तो खरवडायचा, साखळी तपासायची, दिवा बदलायचा, रंग द्यायचा. मी बघितलंय जाऊन. तिथे एक पोरगी आहे, रंग झाला की अंगणाच्या पार टोकाला जाते, एक डोळा मिटते आणि लांबून बघत उभी राहते. मनाला आलं नाही तर पुन्हा रंगवते. बाकीचे वैतागतात. पण तिने पास केलेला बोया धुक्यातही आधी दिसतो, हे आम्ही सगळे बोटवाले सांगतो."

मी विचारलं, "कोणता डोळा मिटते?"

त्याला माझा प्रश्न विचित्र वाटला असणार. जाळं बाजूला ठेवून त्याने आठवलं, स्वतःचा हात चेहऱ्याजवळ नेऊन बघितला, आणि म्हणाला, "डावा."

'ती माझी मुलगी' हे तोंडाशी आलं होतं. म्हटलं नाही. तसं म्हणायचा अधिकार मी स्वतःच घालवला आहे, तो परक्या माणसासमोर मिरवू कशी? मी फक्त दुर्बीण डोळ्याला लावून बसले. बारा वाजेपर्यंत. म्हाताऱ्याने दोनदा चहा आणून दिला. गिऱ्हाईकाला मात्र मी कानात सांगितलं, की तो लाल ठिपका ना, तो आपल्या ठमीने ठेवलाय तिथे.

ठमे, मी आयुष्यभर लोकांच्या नाकावर काचा ठेवल्या. तुझं काम एवढ्या लांबून दिसतं आणि त्यावर माणसं घरी येतात. मला खूप अभिमान वाटला आणि त्याच वेळी जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. दोन्ही एकदम होऊ शकतं, हे मला ठाऊक नव्हतं.

आई


१८ मार्च

ठमे,

काल सकाळी आम्ही दोघं वाळूवर लांब गेलो होतो आणि धुकं आलं. समुद्रावरून चालत आल्यासारखं आलं. आधी टोकाचे खडक गेले, मग होड्या, मग माझे स्वतःचे पाय. मी हात पुढे केला तर बोटं फिकी झाली. कुठून आलो, पाणी कुठल्या बाजूला, काही कळेना. आणि भरतीची वेळ होत आली होती, हे आता मला शिकवलेलं आहे.

खूप घाबरले. खोटं कशाला सांगू, तुझं नाव घेऊन हाक मारली.

मग घंटा ऐकू आली. पाण्यावर कुठेतरी, लाट येईल तशी, कधी एक ठोका, कधी लागोपाठ तीन. घंटेचा बोया असतो, हे म्हाताऱ्याने सांगितलं होतं. गिऱ्हाईक उभा राहिला. कान त्या बाजूला. नाक दुसऱ्या बाजूला. त्याला काय, त्याचं धुकं दोन वर्षांपूर्वीच आलेलं आहे. त्याने घंटेकडे पाठ केली आणि चालायला लागला, न थांबता, न चाचपडता, कुरकुरत्या पायांनी, आणि मी पट्टा धरून त्याच्या मागे. मध्येच थांबायचा, मी पडले नाही ना एवढं हुंगून घ्यायचा. अर्ध्या तासाने माझा हात कशाला तरी लागला. कॅराव्हॅनचं दार!

गावात चष्म्याचा सगळ्यात चांगला नंबर काढणारी बाई मी, आणि मला एका आंधळ्या कुत्र्याने घरी आणलं. मी त्याच्यासमोर हात जोडले. गंमत म्हणून नाही.

आज धुकं नाही, पण मी एक गोष्ट केली. डाव्या डोळ्यावर पट्टी बांधली, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. चहा कपाबाहेर ओतला. पायरी चुकले. खुंटीला टॉवेल अडकवायला गेले तर तो हवेत अडकवला. जेवताना पाण्याचा पेला लवंडला आणि ते पाणी टेबलावरून वाहत खाली गेलं, आणि मला तू दिसलीस. पाच वर्षांची. दर जेवणाला पेला लवंडायचीस. चेंडू तुझ्या हातात कधी यायचा नाही. जिन्याची शेवटची पायरी चुकायचीस. आणि मी दर वेळी एकच वाक्य म्हणायचे, "लक्ष कुठे असतं गं तुझं?"

दिवसाला तीस डोळे तपासत होते मी.

आज एवढंच. राहिलेलं उद्या दीपगृहाकडे जाताना डोक्यात नीट लावते आणि परवा लिहिते. आता टाळणार नाही.

आई


२० मार्च

ठमे,

तुझं पत्र मिळालं. तळाच्या कचेरीत लिहायला बसलेल्या बाईने ते मला दिलं तेव्हा मी उभ्याउभ्याच फोडलं आणि मग तिच्याच खुर्चीत बसले.

पाच वर्षांनी आलेलं तुझं अक्षर. मोजक्याच ओळी, मला पाठ झाल्या आहेत. तू लिहितेस:

'आई, गिऱ्हाईक जिवंत आहे हे मला तुझं ते पत्र आल्यावर पंधरा दिवसांतच कळलं होतं. काकूंनी लिहिलं होतं, की तो ठणठणीत आहे, आणि रोज संध्याकाळी दुकान बंद केल्यावर तू बोलतेस ती फक्त त्याच्याशी. म्हणून मी त्याला पुन्हा मागितला नाही. तेव्हाच तो तुझा झाला. परत करायला येणार असशील तर येऊ नकोस, दुसरं काही सांगायचं असेल तर ये.'

कचेरीतल्या बाईने विचारलं, "वाईट बातमी आहे का हो?"

मी म्हटलं, "नाही. फार चांगली आहे. म्हणून उठवत नाहीये."

एकोणीस वर्षांची होतीस तेव्हा तू. परक्या गावात, एका खोलीत, एकटी. खोटं पकडलं होतंस. एक पोस्टकार्ड टाकून मला नागडं करता आलं असतं. त्याऐवजी तू कुत्रा मला देऊन टाकलास, आणि दिलास हेही कळू दिलं नाहीस. पाच वर्षं मी चोरासारखी त्याला संध्याकाळच्या अंधारात फिरवत होते, कोणी तुला कळवेल म्हणून, आणि ते तू दिलेलं होतंस. समुद्र बघून मी गप्प झाले होते, ओहोटी बघून गप्प झाले होते. आजच्यासारखी झाले नव्हते. एवढं मोठं मन माझ्या घरात वाढलं आणि मी त्याला म्हणत राहिले, लक्ष कुठे असतं तुझं.

आता दुसरं. खोडणार नाही.

तू दुकानातल्या अक्षरांच्या तक्त्याखाली वाढलीस. त्याच्याखाली रांगलीस, अभ्यास केलास, झोपलीस. मी पेशंटला अक्षर विचारायचे आणि तू खेळता खेळता त्याच्या आधी उत्तर द्यायचीस, लोक हसायचे. दर वर्षी शाळा उघडायच्या आधी मी तुला खुर्चीत बसवून आधी एक डोळा झाकायचे, मग दुसरा. तू दोन्ही वेळा वरपासून खालपर्यंत घडाघडा, तालात म्हणायचीस. मी म्हणायचे, शाब्बास. लोकांच्या पोरांना मी तसं सोडत नव्हते. पोरं पाठ करतात, हे या धंद्यात पहिल्या वर्षी शिकवतात. त्यांच्यासाठी वेगळ्या अक्षरांचा दुसरा तक्ता होता, माझ्या उजव्या हाताला, कपाटात. हात लांब केला असता तर मिळाला असता. तुझ्यासाठी एकदाही केला नाही. शाळेत तपासणीला येणारीही मीच, म्हणून दुसऱ्या कोणी बघायचा प्रश्नच आला नाही.

अठराव्या वर्षी जहाजावरच्या नोकरीच्या तपासणीत तुझ्यासमोर कोणीतरी वेगळा तक्ता ठेवला आणि डाव्या डोळ्याने तुला तिसरी ओळ आली नाही. डॉक्टर म्हणाले, सातव्या वर्षापर्यंत चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधून डाव्याला कामाला लावलं असतं तर तो सुधारला असता. तू घरी आलीस, दुकानात उभी राहिलीस आणि म्हणालीस, "आई, तुला कसं कळलं नाही?"

आणि मी म्हटलं, "तू खोटं बोललीस. दर वर्षी मला फसवलंस."

ते खोटं नव्हतं, ठमे. तुला वाटत होतं ते पाढेच आहेत, म्हणायचे असतात. सगळ्यांना असंच दिसतं, असं तुला वाटत होतं. डावा डोळा पहिल्यापासून तसाच, मग त्याला वेगळं काही दिसायला हवं हे तुला कुठून कळणार? चूक माझी. पूर्ण माझी. आणि चुकीपेक्षा वाईट म्हणजे मी ती माझ्या अंगावरून काढून तुझ्या अंगावर टाकली, कारण गावातल्या लोकांनी म्हटलं असतं, हिला स्वतःच्या पोरीचा डोळा कळला नाही. मला दुकानाची अब्रू वाचवायची होती. तुझं जहाज गेलं, आणि मी दुकान वाचवलं.

मला माफ कर, असं लिहिताना भीती वाटते की तू लगेच करून टाकशील. तुझा स्वभाव आता मला कळला आहे. तर लगेच करू नकोस. वेळ घे. रागाव, जेवढं रागवायचं राहिलं असेल तेवढं. मी समोर उभी राहून ऐकेन, मध्ये बोलणार नाही. हे मला किती जड जाईल ते तुला माहीतच आहे.

कुत्रा परत करायला येत नाही. तुला भेटायला येते आहे.

तुझी आई


२५ मार्च

ठमे,

हे पोस्टात टाकणार नाही, हातात देणार आहे. हात मोकळे राहिले तर मी पळून जाईन अशी भीती आहे, म्हणून लिहीत बसले आहे.

कारखान्याच्या फाटकासमोर गाडी लावली आहे. पहारेकऱ्याने विचारलं, "कोणाकडे?" तुझं नाव सांगितलं. "कोण तुम्ही त्यांच्या?" या वेळी सांगितलं. त्याने उठून स्टूल दिलं. म्हणाला, "जेवणाची सुट्टी होईल आता, बाहेर येतील सगळे."

अंगणात तुमचे बोये ठेवलेले दिसताहेत. मला वाटलं होतं घागरीएवढे असतील. अगं, एकेक घराएवढा आहे! लांबून तो ठिपका होता, आणि इथे त्याच्या सावलीत माणसं बसून डबे उघडतील. एक खरवडून झालेला आहे, एक अर्धा लाल. मान वर करून बघावं लागतं. हे तुम्ही उचलता, धुता, पुन्हा पाण्यात नेऊन उभे करता. मी तोंड उघडं टाकून बघते आहे आणि पहारेकऱ्याला त्याची गंमत वाटते आहे.

गिऱ्हाईक पायाशी आहे. काल त्याला आंघोळ घातली, फारसा उपयोग झालेला नाही.

भोंगा झाला. तुम्ही बाहेर येताय. चाळीसएक जण असतील, सगळ्यांचे निळे कपडे सारखे, डोक्यावर टोप्या सारख्या, तोंडावर रंगाचे फडके. मी चष्मा पुसला. पुन्हा पुसला. सहा वर्षं झाली, ठमे, आणि यातली तू कोण हे मला ओळखू येत नाहीये.

तो उठून उभा राहिला आहे. शेपूट हलते आहे, पट्टा ताणला आहे. त्याला कळलं. तो ओढेल तिकडे मी येते.